तुमचं लाइट बिल नकाशावरच ठरतं

लाइट बिल जास्त आलं की मुंबईतल्या घराघरांत पहिला संशय माणसांवर जातो. पोराने रात्रभर एसी चालू ठेवला, कोणीतरी गीझर बंद करायला विसरलं, पाहुणे आठवडाभर राहून गेले. या तक्रारींत तथ्य असतं, पण थोडं. बिलाचा मोठा भाग घरात कोणी राहायला येण्याआधीच ठरून गेलेला असतो. खिडकी कुठल्या दिशेला आहे, समोरची इमारत किती अंतरावर आहे, भिंत कशाची बांधली आहे, कामाचं ठिकाण किती दूर आहे, या गोष्टींवर तो ठरतो. हे निर्णय घेतात बिल्डर, वास्तुरचनाकार आणि महापालिकेची नियमावली.

आधी थोडं गणित. 1000 वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट होतं. साधा छताचा पंखा 75 वॅटचा असतो. दिवसाचे 16 तास फिरला तर महिन्याला 36 युनिटं. हल्ली मिळणारा बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा, कमी वीज खाणारा) पंखा साधारण 30 वॅटवर चालतो, म्हणजे तेवढ्याच वापराला 14-15 युनिटं. एक टनाचा बरा इन्व्हर्टर एसी रात्रीचे आठ तास लावला तर रोजची पाच-साडेपाच युनिटं कुठे गेली नाहीत, म्हणजे महिन्याला दीडशेच्या वर. मध्यम आकाराचा फ्रिज महिन्याला वीस-पंचवीस युनिटं घेतो आणि एलईडी दिवे तर हिशेबात धरण्याइतकेही उरलेले नाहीत. त्यामुळे मुंबईतल्या घराची वीज म्हटलं की खरा प्रश्न एकच असतो: या घराला एसी लागतो का, आणि लागला तर वर्षातले किती महिने?

याचं उत्तर नागपूरला वेगळं आणि मुंबईला वेगळं. नागपुरात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. बाहेरची हवा आत घेणं तिथे शहाणपणाचं नसतं. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की काम भागतं, कारण हवा कोरडी असते. मुंबईत पारा बहुतेक दिवस 33-34 च्या आसपासच असतो, पण हवेत इतकी वाफ असते की अंगावरचा घाम सुकत नाही. कूलर त्या ओल्या हवेत आणखी ओल घालतो, म्हणून इथे तो कुचकामी. मुंबईच्या उकाड्यावर स्वस्तातला उपाय एकच, हलती हवा. अंगावरून वारा गेला की घाम सुकतो आणि तीच 31 अंशांची खोली सुसह्य वाटते. वारा अडला की तीच खोली भट्टी होते आणि माणूस रिमोट शोधायला लागतो.

शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. बारीक, लांबट आणि तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या या शहराला ही फुकटची सोय मिळालेली आहे, आणि ती जपायची अक्कल शंभर वर्षांपूर्वी होती असं म्हणावं लागतं. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत हवा आणि उजेड शिरत नाही म्हणून रोग पसरतो, असा त्या काळचा समज होता. ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रस्ते पूर्व-पश्चिम कापले, ते समुद्राचा वारा वस्तीच्या पोटात नेण्यासाठी. (प्लेग पसरवणारे उंदीर आणि पिसवा होत्या, ही गोष्ट निराळी. कारण चुकलं तरी रस्ते बरे झाले.)

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी नव्या इमारतींसाठी साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा नियम धरला होता. आकडा अवघड वाटतो, अर्थ सोपा आहे: खिडकीसमोर जेवढी मोकळी जागा, त्याच्या फार तर दुप्पट उंच बांधा. समोर तीस फूट मोकळे असतील तर इमारत साठ फुटांपर्यंत. दादर-माटुंग्याच्या जुन्या कॉलन्यांत फिरताना आजही जो मोकळेपणा जाणवतो तो कुणाच्या सौंदर्यदृष्टीइतकाच असल्या रुक्ष नियमांतून आलेला आहे.

आता हेच मोजमाप घेऊन गोवंडी-मानखुर्दला जाऊ. नटवर पारेख कंपाउंड आणि आजूबाजूच्या पुनर्वसन वसाहतींत सात-आठ मजली इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या आहेत. इमारतीची उंची साधारण 24 मीटर आणि फट तीन मीटर, म्हणजे आठपट. खालच्या मजल्यावर भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. खिडकी उघडावी तर समोरच्याचं स्वयंपाकघर दिसतं आणि खालून कचऱ्याचा वास येतो, म्हणून खिडकी बंद. खिडकी बंद म्हणून पंखा दिवसभर, आणि पुढे ऐपत झाली की एसी. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मोकळ्या जागेच्या नियमांना सवलत मिळते. त्याच भूखंडावर रहिवाशांची घरं बसवून विक्रीची इमारतही उभी राहावी, हे त्यामागचं गणित. बिल्डरची वाचलेली जागा रहिवाशाच्या मीटरवर दिसते.

यावर आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी अभ्यास केले आहेत. झोपडीतून पक्क्या घरात गेल्यावर लोकांच्या घरात विजेची उपकरणं वाढतात. ती फक्त उत्पन्न वाढल्यामुळे वाढत नाहीत. घराची रचना आणि बदललेली दिनचर्या याही त्यामागे असतात, असं त्यांना आढळलं. हे समजण्यासारखं आहे. झोपडपट्टीत दुपार दारात जाते. भाजी निवडणं, भांडी घासणं, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांची झोप, सगळं उंबऱ्याच्या आतबाहेर चालतं. सहाव्या मजल्यावर दार बंद होतं. जे काम दारातल्या उजेडात व्हायचं ते आता दिव्याखाली होतं, आणि गप्पांची जागा टीव्ही घेतो.

चाळींचंही थोडंसं असंच आहे, पण इथे जपून बोललं पाहिजे, कारण चाळ म्हटलं की आपल्याकडे गळा दाटून यायची पद्धत आहे. गिरगावातल्या गॅलरीच्या चाळीत खोलीला पुढे दार आणि मागे खिडकी असते. वारा एका बाजूने शिरतो, दुसऱ्या बाजूने निघतो. शिवाय गॅलरीमुळे भिंतीवर थेट ऊन येत नाही. हवेच्या दृष्टीने ही उत्तम रचना. पण 1920 च्या दशकात सरकारने बांधलेल्या वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींत मधोमध लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या, एका मजल्यावर वीस. तिथे वारा आरपार जायला समोरच्याचं दार उघडं असावं लागतं. तिथल्या शेजारधर्माला हेही एक कारण होतं की काय, देव जाणे. सामायिक संडासासमोर रांग लावलेली माणसं त्या दिवसांत परत जाणार नाहीत, आणि जाऊही नये.

गंमत अशी, की आजच्या बहुतेक टॉवरमध्ये बीडीडीचाच बोळ नव्या टाइल्स लावून परत आलेला आहे. मधे लिफ्टची लॉबी, तिच्याभोवती सहा किंवा आठ फ्लॅट. प्रत्येक फ्लॅटला खिडक्या एकाच बाजूला, फार तर कोपऱ्यावरच्याला दोन बाजूंना. लॉबीकडचं दार सुरक्षेसाठी कायम बंद. वारा आत यायला जागा आहे, बाहेर पडायला नाही, म्हणून तो येतही नाही. बिल्डरच्या पुस्तिकेत ‘समुद्राचं दृश्य’ छापलेलं असतं, समुद्राचा वारा मात्र काचेबाहेरच राहतो.

त्यात बाल्कनी गेली. 2012 मध्ये नियम बदलून बाल्कनी, फुलझाडांचे कट्टे वगैरे चटईक्षेत्रात (एफएसआय, म्हणजे भूखंडावर बांधता येणारं एकूण क्षेत्रफळ) मोजले जाऊ लागले आणि भरपाई म्हणून प्रीमियम भरून 35 टक्के जादा चटईक्षेत्र देण्यात आलं. हेतू चुकीचा नव्हता, कारण ‘फ्री’ जागा दाखवून ती विकण्याचा धंदा बोकाळला होता. पण परिणाम असा, की मोजलीच जाणार असेल तर बाल्कनी कशाला, तेवढी खोलीच मोठी करू, हे सोपं झालं. बाल्कनी म्हणजे खिडकीवरची सावली. ती नसली की दुपारचं पश्चिमेचं ऊन सरळ काचेवर आणि काचेतून फरशीवर. जुन्या इमारतींतला दीड-दोन फुटांचा छज्जाही आता शोधावा लागतो.

खिडकीचं आणखी एक गुपित आहे. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2018 मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. त्यात मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेच्या शहरांत उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्रफळ घराच्या कार्पेट क्षेत्रफळाच्या किमान 16.66 टक्के, म्हणजे सहावा भाग असावं असं म्हटलं आहे. 120 चौरस फुटांच्या बेडरूमला या हिशेबाने 20 चौरस फूट उघडझाप हवी. पाच बाय चारची खिडकी बसवली की झालं, असं वाटेल. पण ती स्लायडिंग असेल तर एका वेळी अर्धीच उघडते! मिळाले दहाच फूट. जुनी दोन दारांची, बाहेर उघडणारी खिडकी पूर्ण मोकळी व्हायची. वर झरोका असायचा, त्यातून गरम हवा निघून जायची. ही संहिता केंद्राची असली तरी राज्याने आपल्या नियमांत घेतल्यावरच ती बंधनकारक होते.

भिंतींबद्दल थोडक्यात. हल्ली ॲल्युमिनियमच्या साच्यात अख्खा मजला एका दमात ओततात. काम झपाट्याने होतं, आणि वीटकामाऐवजी पातळ काँक्रीटच्या भिंती उभ्या राहतात. काँक्रीटमधून उष्णता त्याच जाडीच्या, हवेच्या बारीक पोकळ्या असलेल्या हलक्या एएसी ब्लॉकच्या जवळपास आठपट सहजतेने जाते. दिवसभर तापलेली ही भिंत रात्री आत उष्णता सोडत राहते. रात्री दहाला बाहेर वारा सुटलेला असतो तेव्हाही पलंगामागची भिंत हाताला गरम लागते, ती यामुळे.

मग एसी लागतो. आणि एसी उष्णता नाहीशी करत नाही, फक्त हलवतो. चांगला एसी एक युनिट विजेत खोलीतली तीन युनिट उष्णता उचलतो आणि स्वतःच्या विजेसकट चार युनिट बाहेर टाकतो. बाहेर म्हणजे कुठे? बऱ्याच टॉवरमध्ये सगळ्या मजल्यांचे आउटडोअर एकाच उभ्या खाचेत एकावर एक बसवलेले असतात. खालच्यांची गरम हवा वर चढते, वरच्यांच्या यंत्राला तीच हवा मिळते, आणि तेवढाच गारवा द्यायला ते जास्त वीज खातं. दोन इमारतींमधली फट अरुंद असेल तर ज्याच्याकडे एसी नाही त्याच्या खिडकीतही ही हवा जाते. पुढच्या वर्षी तोही ईएमआयवर एसी घेतो.

हे सगळं पैशांत कसं उतरतं? समजा, चार जणांचं कुटुंब 160 चौरस फुटांच्या खोलीतून 500 चौरस फुटांच्या नव्या घरात गेलं. बीडीडीच्या पुनर्विकासात घरांचे आकार हेच आहेत. जुन्या खोलीत दोन पंखे, फ्रिज, टीव्ही, दिवे आणि मिक्सर-इस्त्री मिळून महिन्याला 120 युनिटांच्या आसपास. नव्या घरात पंखे चार, बाथरूमला एक्झॉस्ट आणि गीझर, आणि उन्हाळ्यात बेडरूमचा एसी. आकडा सहज 300 ओलांडतो. महाराष्ट्रात घरगुती दर टप्प्यांनी चढतात: 100 पर्यंत एक, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा, त्यापुढे चौथा. म्हणून युनिटं अडीचपट झाली की बिल त्याहून जास्त पटीने वाढतं. बेस्ट असो, अदानी, टाटा की महावितरण, दर वेगळे असतील पण ही चढण सगळीकडे आहे. वर सोसायटीचा सामायिक मीटर वेगळा. त्यात लिफ्ट, पंप, तळघरातले पंखे, मलशुद्धीकरण यंत्रणा, गाड्या एकावर एक चढवणारं पार्किंग.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. उंच इमारत म्हणजे पाणी चढवण्यात वीज जाते, असं सर्रास म्हणतात. माणशी 135 लिटर धरले तर चौघांचं दिवसाचं पाणी 540 लिटर. ते 100 मीटर उंच चढवायला, पंप निम्म्या कार्यक्षमतेचा धरूनही, महिन्याला नऊ युनिटं लागतात. एसीच्या दोन रात्रींपेक्षाही कमी. उंची हा खरा गुन्हेगार नाहीच. दाट, उंच वस्तीचे फायदेही आहेत. मुंबईत सूर्य मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस अगदी डोक्यावर येतो, त्यामुळे सगळ्यात जास्त तापतं ते छप्पर. चार मजली इमारतीत चारातल्या एका घरावर तापलेला स्लॅब असतो, चाळीस मजलीत चाळिसातल्या एकावर. पत्र्याच्या झोपडीत तर प्रत्येक घरावर.

दाट वस्तीचा सगळ्यात मोठा फायदा मात्र घराबाहेर आहे. प्रवास आपण लाइट बिलात धरत नाही, पण तोही घराचाच ऊर्जाखर्च. घोडबंदर रोडला राहून वांद्रे-कुर्ला संकुलात गाडीने जाणारा माणूस घ्या. एका बाजूने 25 किलोमीटर आणि महिन्यात 22 दिवस धरले तर 1100 किलोमीटर. ट्रॅफिकमध्ये लिटरला 14 किलोमीटर मिळाले तर 78-79 लिटर पेट्रोल. लिटरमागे साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे 180 किलो. आपल्याकडची वीज अजून मुख्यतः कोळशाची, युनिटमागे साधारण 0.7 किलो, त्या हिशेबाने 180 किलो म्हणजे 250 हून जास्त युनिटं. एकट्या माणसाच्या गाडीने चौघांच्या घराच्या महिन्याच्या विजेएवढा धूर काढला. त्याचा फ्लॅट पंचतारांकित उपकरणांनी भरलेला असला तरी हा हिशेब बदलत नाही.

बदलापूर किंवा विरारहून लोकलने येणाऱ्याचा प्रवास याच्या दुपटीहून लांब, पण त्याच्या वाट्याची ऊर्जा किरकोळ. एका बारा डब्यांच्या गाडीत हजारो माणसं असतात, नव्या गाड्या ब्रेक लावताना काही वीज परत तारेत सोडतात, आणि मुंबईची लोकल 1925 पासून विजेवर धावते. ही कार्यक्षमता प्रवाशांच्या बरगड्यांच्या हिशेबाने येते, हे मात्र कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं. लालबाग-परळचा गिरणी कामगार भोंगा झाला की चालत कामावर जायचा. त्याच्या वारसांना सरकारी घरांच्या लॉटरीत लागलेली काही घरं पनवेलजवळच्या कोनला आहेत. घर नवं, बाथरूम स्वतःचं, आणि नोकरी दोन गाड्या बदलून.

महापालिकेचा हवामान कृती आराखडा मार्च 2022 मध्ये आला. 2019 च्या हिशेबानुसार शहराच्या उत्सर्जनात इमारती-उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा वाटा 72 टक्के, वाहतुकीचा 20 आणि कचऱ्याचा 8 टक्के. वाहतुकीचा वाटा एवढा कमी राहिला यात लोकलचा हात मोठा आहे. म्हणजे मुंबईने अवघड अर्धा भाग आधीच साधलेला आहे: माणसं दाटीने राहतात आणि रेल्वेने फिरतात. सोपा अर्धा, म्हणजे वारा येईल अशी खोली बांधणं, तिथे आपण घसरलो. पुनर्विकासात उलटं होतं ते आणखी वाईट. रेल्वे स्टेशनपासून पाच मिनिटांवरच्या जुन्या इमारतीच्या जागी टॉवर येतो, त्याला चार-पाच मजले नुसतं पार्किंग असतं, आणि पायी स्टेशनला जाणाऱ्यांच्या जागी गाडीवाले येतात.

सोसायटीचा पुनर्विकास निघाला की सभेत भांडण होतं ते कार्पेट किती वाढवून देणार, भाडं किती आणि कॉर्पस (बिल्डरने द्यायची एकरकमी रक्कम) किती यावर. तीन-चार प्रश्न आणखी विचारता येतात. आपल्या विंगेपासून पुढची विंग किती अंतरावर? एका मजल्यावर किती फ्लॅट, आणि त्यातल्या किती जणांना दोन बाजूंना खिडक्या? खिडक्या सरकत्या की पूर्ण उघडणाऱ्या, वर छज्जा आहे का? पश्चिमेची भिंत कशाची? एसीचे आउटडोअर कुठे बसणार? नकाशा मंजूर होण्याआधी हे बदलता येतं. नंतर फक्त पडदे बदलता येतात.

आणि गच्चीचं विचारा. एक किलोवॅट सौरऊर्जेला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि महिन्याला 120 च्या आसपास युनिटं मिळतात. 2000 चौरस फूट मोकळी गच्ची असेल तर 20 किलोवॅट, म्हणजे 2400 युनिटं. सोळा घरांच्या जुन्या इमारतीत ती घरटी 150 येतात. 160 घरांच्या टॉवरमध्ये घरटी पंधरा. टॉवरला ती सामायिक मीटरलाच पुरतील, पण लिफ्ट आणि पंपाचा भार तरी हलका होईल. 2024 च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत सोसायट्यांना सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. गच्चीवर खासगी पेंटहाउसचा हक्क आधीच विकला गेलेला नसेल, तरच त्याचा उपयोग.